औंध ते नैरोबी : कै. आप्पासाहेब पंत

सातारा जिल्ह्यातील औंध येथे मूळपीठाच्या डोंगरावर श्री यमाईदेवीचे दर्शन घेण्यास जाताना वाटेत जे चित्रसंग्रहालय लागते, ते पाहिले नाही असा सातारा-सांगलीकडील मनुष्य विरळा. शाळेच्या सहलीत मी ते प्रथम पाहिले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे पाहून आम्ही मुले हरखून गेलो होतो. हे संग्रहालय १९३८ साली उभारणारे औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांचे नाव त्या दिवशी ऐकले. त्यांच्या सुपुत्राचे नाव मात्र ऐकले नाही. ते कानावर आले ते पुष्कळ वर्षांनी, तेही औंधला नव्हे. मुंबईच्या कापडबाजारात घाऊक खरेदीसाठी गेलो असता एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने मी साताऱ्याकडचा आहे असे समजताच आप्पासाहेब पंतांची चौकशी केली. त्या गृहस्थांचे बालपण मोंबासा येथे गेले होते. आपल्या जिल्ह्यातील एका थोर पुरुषाची ओळख आपणांस परमुलखातून आलेल्या माणसाने करून द्यावी, याचा मला त्या वेळी संकोच वाटला. तो संकोच काही अंशी फेडावा म्हणून हा अल्पसा लेखनप्रपंच.

या विषयाशी आपल्या समाजाचाही एक धागा जुळलेला आहे. संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० सालचा छप्पनिया दुष्काळ काठियावाडात पडला, त्या सुमारास पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या वाटा फुटल्या. कोणी आगगाडीने दक्षिणेकडे निघाले व सातारा, कराड, सांगली अशा गावी येऊन दुकानदारी करू लागले. माझे आजोबा त्यांपैकी एक. जामनगरजवळच्या हालार प्रांतातील विसा ओसवाल मंडळींनी मात्र समुद्राची वाट धरली. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहू लागले की गलबते आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परतत. या मंडळींनी मोंबासा व पुढे नैरोबी गाठले. एकाच प्रदेशातली, एकाच धर्माची माणसे. कोणी मराठी झाली, कोणी आफ्रिकेची झाली. अर्थात आफ्रिकेची झाली की नाही, हाच प्रश्न आप्पासाहेबांपुढे पुढे उभा राहावयाचा होता.

आप्पासाहेबांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ रोजी झाला. वडील बाळासाहेब हे १९०९ साली गादीवर आलेले. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते अशी त्यांची ख्याती होती. औंध संस्थान तसे लहान, एकूण बहात्तर गावांचे. तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. तरीसुद्धा लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल स्टेशनजवळच्या माळरानावर जागा देणारे हेच संस्थान. पंडित सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळही औंधलाच नांदला. राजेसाहेबांचा हात सढळ, पण तिजोरी बेताची. हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल अधिक वाटते.

आप्पासाहेब उच्च शिक्षणासाठी ऑक्सफर्डला गेले, बॅरिस्टर होऊन परतले. अशा शिक्षणानंतर राजपुत्राने शिकार, मोटारी आणि उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण यांत आयुष्य घालविले असते तर त्या काळी कोणास वावगे वाटले नसते. औंधात मात्र निराळेच घडले. मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश अभियंता बंगळूरची नोकरी सोडून गांधीमार्गाला लागला होता. भारतानंद या नावाने तो ओळखला जाई. त्याच्या आणि आप्पासाहेबांच्या सहवासात एक विचार रुजला, की राजाने आपली सत्ता आपण होऊन रयतेच्या स्वाधीन करावी. बाळासाहेबांनी ते मानले. पितापुत्र सेवाग्रामला महात्माजींच्या भेटीस गेले, राज्यघटनेचा मसुदा त्यांच्या नजरेखालून गेला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली. गावाने पंच निवडावेत, पंचायतीतून तालुक्याचा कारभार उभा राहावा आणि तालुक्यातून संस्थानची विधानसभा, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत याच काळात सुरू झाली. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच वसाहतीची प्रेरणा होती. १९४२ च्या आंदोलनात सातारच्या प्रतिसरकारातील भूमिगतांना कुंडल भागात आसरा मिळाला, त्यामागेही संस्थानची ही वृत्ती होती.

या सर्वाचा उल्लेख येथे विस्ताराने करण्याचे कारण असे, की पुढे आफ्रिकेत आप्पासाहेबांनी जे केले ते परराष्ट्र खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकातून आलेले नव्हते. ते औंधातून आले होते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती दुसऱ्याला देण्याची तयारी ठेवावी, ही गोष्ट त्यांनी घरातच पाहिली होती.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. पुढे सातारा जिल्ह्याची विभागणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे सांगली असे नामकरण झाले. त्यामुळे औंध आज साताऱ्यात, तर कुंडल व आटपाडी सांगलीत आहेत. दोन्ही जिल्ह्यांना आप्पासाहेबांवर सारखाच हक्क सांगता येतो. विलीनीकरणानंतर त्याच वर्षी पंडित नेहरूंनी या छत्तीस वर्षांच्या तरुणाला स्वतंत्र भारताचा पूर्व आफ्रिकेतील पहिला कमिशनर म्हणून नैरोबीस धाडले. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांजिबार हे चार मुलूख त्यांच्याकडे होते. बहात्तर गावांच्या संस्थानातून निघालेल्या माणसापुढे एकदम अर्धे खंड ठेवले गेले.

आता तेथील भारतीयांची स्थिती काय होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी भारतातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले. अडीच हजारांच्या आसपास तेथेच मरण पावले, बहुतेक परतले, साडेसहा हजारांहून थोडे अधिक तेथेच राहिले. व्यापारी मात्र त्याच्या पुष्कळ आधीपासून किनाऱ्यावर होते. रुळांच्या पाठोपाठ ते आत शिरले. जेथे गाडी थांबे तेथे पत्र्याचे दुकान उभे राही. मीठ, साखर, रॉकेल, आगपेटी आणि कापड एवढाच माल. कापडाविषयी मला अंमळ अधिक लिहिण्याचा मोह होतो, वाचकांनी क्षमा करावी. तेथे न धुतलेल्या जाड सुती कापडाला मेरिकानी म्हणत, कारण ते प्रथम अमेरिकेतील गिरण्यांतून येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांनी तो बाजार बराचसा काबीज केला, पण नाव मात्र मेरिकानीच राहिले. स्त्रियांच्या वापरातील खांगा नावाचे छापील वस्त्र जोडीने विकले जाते आणि त्याच्या काठाजवळ स्वाहिली भाषेतील एखादी म्हण छापलेली असते. ज्याला गिऱ्हाइकाची भाषा येत नाही, त्याला कोणता खांगा खपेल हे कळणार नाही. म्हणून त्या दुकानदारांना स्वाहिली शिकावीच लागली.

भाषेची ही देवघेव दुतर्फा झाली. दुकानाला स्वाहिलीत दुका म्हणतात, गाडीला गारी, लाखाला लाकी. पैसा, चपाती आणि कोशिंबिरीची कचुंबरी हे शब्दही तेथे रूढ आहेत. १९२० सालापर्यंत तर तेथील चलनही रुपयाच होते. वेळ मोजण्याची त्यांची रीत मला विशेष वाटली. दिवस सूर्योदयापासून मोजावयाचा, म्हणून आपल्या घड्याळातील सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. विषुववृत्तावर दिवस-रात्र बारा-बारा तासांची असल्याने हा हिशेब बारा महिने चालतो. नव्याने गेलेल्या माणसाची यात फजिती होत असणार यात शंका नाही.

बोलण्यात आणि बाजारात अशी सरमिसळ झाली असली तरी राहण्यात ती झाली नव्हती. १९४८ च्या शिरगणतीत केनियात आफ्रिकी लोक सुमारे साडेबावन्न लाख, भारतीय गोव्याच्या लोकांसह एक लाखाच्या आतबाहेर आणि गोरे तीस हजार होते. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव असे. भारतीयाला ती पैसे मोजूनही विकत घेता येत नसे. नैरोबी शहर सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच. हवा उत्तम, जुलै महिन्यात चांगली थंडी. परंतु या उत्तम हवेचीही वाटणी झालेली होती. पश्चिमेकडील टेकड्यांवर गोऱ्यांचे बंगले, पार्कलँड्स आणि गारा या बाजूंना भारतीय, पूर्वेकडे आफ्रिकी वस्ती. शाळा तीन, दवाखाने तीन, सरकारी पगाराच्या श्रेणीही तीन. मोठ्या हॉटेलांची दारे गोऱ्यांखेरीज इतरांना बंद. भारतीय मनुष्य या उतरंडीच्या मधल्या पायरीवर उभा होता. वरच्याचा अपमान सोसावयाचा आणि खालच्याला आपल्याहून कमी लेखावयाचे, अशी ती पायरी. ज्या समाजात आपल्याकडे जातींच्या पायऱ्या होत्या, त्या समाजाला हे चटकन अंगवळणी पडले असावे, हे कबूल करणे भाग आहे.

आप्पासाहेब पत्नी नलिनीदेवी यांच्यासह तेथे राहिले. नलिनीदेवी स्वतः डॉक्टर होत्या. परदेशात गेल्यावर माणूस जुळवून घेतो म्हणजे बहुधा काय करतो? तेथील रीतीभाती पाहून त्यांत आपली जागा शोधतो. आप्पासाहेबांना कमिशनर म्हणून त्या उतरंडीत चांगली वरची जागा मिळू शकली असती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्या, भारतीय व्यापाऱ्यांचे सत्कार, हारतुरे आणि वर्षाकाठी दिल्लीला अहवाल एवढ्यावर त्यांचे भागले असते. त्यांनी पहाटेचे सूर्यनमस्कार सोडले नाहीत, पण घराचे दार मात्र त्या शहराच्या रीतीविरुद्ध उघडे ठेवले. त्यांच्या घरी आफ्रिकी, भारतीय आणि काही उदार मनाचे गोरे एकाच पंक्तीला बसत. आज यात काय विशेष असे वाटेल. त्या काळच्या नैरोबीत आफ्रिकी मनुष्य साहेबाच्या बंगल्यात शिरे तो स्वयंपाकी किंवा माळी म्हणून. पाहुणा म्हणून तो समोरच्या दाराने आत येतो, ही गोष्ट शहरभर बोलली जाण्याजोगी होती, आणि ती गव्हर्नरच्या कानी गेल्यावाचून राहिली नाही.

पंडित नेहरूंचे धोरण स्पष्ट होते. आफ्रिकेतील भारतीयांनी तेथील मूळ रहिवाशांच्या हिताला प्रथम स्थान द्यावे, त्यांच्या विरोधात कोणतीही सवलत मागू नये आणि त्या देशांशी एकरूप व्हावे. भारत सरकार त्यांच्या पाठीशी विशेष हक्कांसाठी उभे राहणार नाही, असा याचा अर्थ. हे सांगण्याचे काम आप्पासाहेबांवर आले. ते गावोगाव हिंडले. दुकानदारांना, वकिलांना, रेल्वेतील कारकुनांना, शिक्षकांना त्यांनी हेच पुनःपुन्हा सांगितले. आफ्रिकी मुलांना नोकरीत शिकवून तयार करावे, धंद्यात भागीदार करून घ्यावे, शाळा त्यांना खुल्या कराव्यात.

किती जणांनी ऐकले? थोड्यांनी. सत्कार सर्वांनी केले. व्यापारी या नात्याने मला त्या न ऐकणाऱ्यांची बाजूही दिसते आणि ती मांडली नाही तर हिशेब अपुरा राहील. ज्याला जमीन घेता येत नाही, सरकारी नोकरीत वर चढता येत नाही, त्याला दुकानाशिवाय दुसरे साधन ते कोणते? शिल्लक टाकावी ती मुलांच्या शिक्षणासाठी आणि अडीअडचणीला देशी परतण्यासाठी. दुकानात पुतण्या-भाच्याला ठेवावे, कारण तो पगारापेक्षा विश्वासावर काम करतो. आपल्या पेठेत आजही आपण हेच करतो. शिवाय आप्पासाहेबांना पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या देशी जावयाचे होते. दुकानदाराला तेथेच राहावयाचे होते आणि रागावलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती त्याचा व्यापाराचा परवाना होता. त्यांत फाळणीनंतर भारतीयांतही हिंदू-मुसलमान अशी फूट पडली आणि १९५१-५२ च्या सुमारास केनियाच्या कायदेमंडळासाठी आशियाई लोकांचे मतदारसंघ त्या फुटीनुसार वेगळे झाले. अशा स्थितीत एकोप्याची भाषा कानी शिरणे कठीणच. तरीही एक गोष्ट राहतेच. आमच्या आजोबांना साताऱ्यात जमीन घेता आली, मुलांना मराठी शाळेत घालता आले, शेजारच्या घरी जेवावयास जाता आले. जुळवून घेणे हे एकट्या येणाऱ्यावर अवलंबून नसते. त्याला जागा द्यावी लागते. केनियात ती जागा देणे ज्यांच्या हाती होते ते तेथील मूळ लोक नव्हते, हा सगळा घोळ आहे.

आप्पासाहेबांच्या कार्यातील माझ्या मते सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे शिक्षणाचा. महात्माजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी त्यांच्या स्मारकासाठी निधी जमविण्यास आरंभ केला होता. स्मारक म्हणजे पुतळा किंवा केवळ भारतीय मुलांचे वसतिगृह नव्हे, तर सर्व वर्णांच्या मुलांसाठी महाविद्यालय असावे, असा विचार पुढे आला आणि आप्पासाहेबांनी तो जोमाने उचलून धरला. त्याच वेळी सरकारही नैरोबीत तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय काढण्याच्या खटपटीत होते. शेवटी १९५४ साली गांधी स्मारक अकादमी या सरकारी रॉयल टेक्निकल कॉलेजात विलीन करण्यात आली; अट एवढीच की प्रवेशाला वर्णाची आडकाठी नसावी. १९५६ साली उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत तेथील समारंभ झाला. हेच महाविद्यालय वाढत जाऊन १९७० साली नैरोबी विद्यापीठ झाले. ज्या किरकोळ दुकानदारांनी आफ्रिकी मुलांना भागीदार केले नाही, त्यांपैकी पुष्कळांच्या गल्ल्यातील शिलिंग या विद्यापीठाच्या पायात आहेत. एखाद्या विश्वस्त निधीचे काम पाहणाऱ्यांनी या व्यवहाराचा अवश्य अभ्यास करावा. देणगीदारांचे नाव राखण्यासाठी स्वतंत्र लहान संस्था चालविण्यापेक्षा मोठ्या संस्थेत विरघळणे त्यांनी पत्करले. औंध संस्थानच्या विलीनीकरणाचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला असे विलीन होणे कमीपणाचे वाटले नसावे.

भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकी विद्यार्थी भारतातील महाविद्यालयांत येऊ लागले, तेही याच काळात. प्रौढ माणसेही आली. किसुमूकडे ओगिंगा ओडिंगा नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी १९४७ साली आपल्या लुओ जमातीतील लोकांकडून लहान लहान भाग भांडवल गोळा करून व्यापारी कंपनी काढली होती. हे ओडिंगा १९५३ साली भारतात येऊन ग्रामोद्योग पाहून गेले. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे, आई मासाई. शिक्षण बंगळूर व बेल्लारीकडे झालेले. केनियातील आपले सहकारी तुरुंगात गेल्यावर तेही १९५३ साली भारतात आले व त्यांनी येथे केनियाची कैफियत मांडली. स्वतंत्र केनियाचे पहिले उपाध्यक्ष ओडिंगा झाले आणि दुसरे मुरुंबी.

सहकारी तुरुंगात गेले ते का, हे आता सांगावयाचे. जोमो केन्याटा १९४७ पासून केनिया आफ्रिकन युनियनचे अध्यक्ष होते. नैरोबीजवळ गिथुंगुरी येथील त्यांच्या अध्यापक विद्यालयाचे कार्य आणि किकुयू लोकांनी वर्गणी काढून चालविलेल्या शाळा यांविषयी आप्पासाहेबांना आस्था होती. स्वतःच्या कष्टाने शाळा चालविणारी खेडी त्यांनी औंधात पाहिली होती. केन्याटांशी त्यांचा स्नेह जडला. गव्हर्नर सर फिलिप मिचेल यांना हा स्नेह अजिबात रुचला नाही. परकीय सरकारचा प्रतिनिधी रयतेला चिथावतो, अशा तक्रारी लंडनला जाऊ लागल्या. राजनैतिक शिष्टाचाराच्या दृष्टीने पाहिले तर मिचेलसाहेबांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. आप्पासाहेब मर्यादेच्या रेषेवरून चालत होते आणि कधी कधी पाऊल पलीकडेही पडत असावे.

जमिनीवरून धुमसत असलेला असंतोष माऊ माऊ या गुप्त चळवळीच्या रूपाने बाहेर पडला आणि २० ऑक्टोबर १९५२ रोजी नवे गव्हर्नर सर एव्हलिन बॅरिंग यांनी आणीबाणी जाहीर केली. केन्याटा व त्यांचे सहकारी पकडले गेले. कापेनगुरिया या दूरच्या गावी खटला चालला. ब्रिटिश बॅरिस्टर प्रिट यांच्या जोडीला भारतातून दिवाण चमनलाल गेले आणि नैरोबीचे अच्छरू कपिला, जसवंतसिंग व गोव्याचे फिट्झ डिसोझा हे वकील उभे राहिले. ८ एप्रिल १९५३ रोजी केन्याटांना सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. भारतीय दुकानदारांची अवस्था या काळात अतिशय बिकट झाली. दूरच्या खेड्यात एकटे दुकान, रात्री दारावर थाप पडली तर उघडावे की न उघडावे? त्या काही वर्षांत बत्तीस गोरे व सव्वीस आशियाई नागरिक मारले गेले. आफ्रिकी मृतांची संख्या हजारांच्या घरात गेली. नुसते फाशी गेलेलेच एक हजार नव्वद. अशा वेळी आपल्या लोकांना संयमाचा आणि आफ्रिकी जनतेविषयी सहानुभूतीचा सल्ला देणे ही सोपी गोष्ट नव्हती. हिंसेचे समर्थन आप्पासाहेबांना कदापि शक्य नव्हते. त्याचबरोबर ज्यांची जमीन गेली त्यांचा राग खोटा आहे असे म्हणणेही त्यांना शक्य नव्हते. या दोहोंमधील त्यांची जी ओढाताण झाली असेल तिची कल्पनाच केलेली बरी.

मध्यंतरी १९५१ साली वडील बाळासाहेब निवर्तले. १९५४ साली ब्रिटिशांच्या आग्रहामुळे आप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. एका सरकारने नकोसा म्हणून परत पाठविलेल्या माणसाला दुसऱ्याने सन्मानिले, यातून दिल्लीचे मत काय होते ते कळते.

पुढील कारकीर्द मोठी आहे, पण ती येथे धावतीच सांगतो. १९५५ ते १९६१ गंगटोक येथे राजकीय अधिकारी. १९५८ साली पंडितजी खेचरावरून आणि पायी भूतानला गेले त्या प्रवासात आप्पासाहेब बरोबर होते. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, १९६९ ते १९७२ लंडन येथे उच्चायुक्त आणि शेवटी इटली. ‘अ मोमेंट इन टाइम’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले, सूर्यनमस्कारावरही पुस्तक लिहिले. १९९२ साली त्यांचे देहावसान झाले.

नैरोबी सुटल्यावरही तेथील प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, ज्यांना ब्रिटिशांनी तुरुंगात टाकले होते ते केन्याटाच पुढे राष्ट्रप्रमुख झाले. भारतीयांना नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी ते घेतले नाही आणि ब्रिटिश पासपोर्टावर भिस्त ठेवली. १९६७ साली परदेशी नागरिकांना व्यापारासाठी परवान्याचे निर्बंध आले, लोक विमाने भरभरून लंडनकडे निघाले, तर १९६८ साली ब्रिटनने आपल्याच पासपोर्टाचे दार अर्धे लावून घेतले. १९६९ मध्ये आप्पासाहेब लंडनला गेले तेव्हा नैरोबीत त्यांचा सत्कार करणाऱ्यांपैकी काही कुटुंबे तेथे नव्याने दुकान मांडून बसली होती असे समजण्यास हरकत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला, त्या वेळी त्यांची लंडनमधील कारकीर्द संपत आली होती. अमीनच्या हुकुमात नागरिकत्व घेतलेले आणि न घेतलेले असा भेद प्रत्यक्षात फारसा उरला नाही. आफ्रिकी भागीदार घेणारा आणि न घेणारा, दोघांचीही दुकाने गेली. म्हणून आप्पासाहेबांचे ऐकले असते तर सारे टळले असते, असे म्हणण्यास मी धजत नाही.

केनियात मात्र तसे घडले नाही. पुष्कळ भारतीय कुटुंबे तेथेच टिकली, नागरिक झाली. मोंबासा येथे १९६३ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, आपल्या बांधवांनी भव्य जिनमंदिर उभारले. ज्यांना निघून जावयाचे असते ते संगमरवराची मंदिरे बांधीत नाहीत. मुंबईच्या बाजारात मला भेटलेले ते वृद्ध गृहस्थ याच मंदिराचे वर्णन करीत होते. त्यांचे धाकटे बंधू तेथेच राहिले होते आणि नातवंडे घरात गुजराती व रस्त्यावर स्वाहिली बोलत होती. त्यांनी आप्पासाहेबांना लहानपणी एकदा पाहिले होते. आठवण एवढीच, की सभेला आलेल्या आफ्रिकी माणसांना पुढच्या खुर्च्यांवर बसविल्यावाचून पाहुणे स्वतः बसले नाहीत आणि त्यावरून घरी त्या रात्री वडील व काका यांच्यात मोठा वाद झाला.

जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने तेथील भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी जोमो केन्याटा यांचे पुत्र उहुरू केन्याटा होते.